३१० डॉलरचं "एकही गोळी न झाडलेलं" बॅरल आणि मला घातलेला गंडा

रायफलचं बॅरल कोणी ऑनलाइन विकत असेल, मग ते वापरलेलं म्हणून असो की "नवंकोरं, पडून होतं" म्हणून, चेंबरच्या बाजूने, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या टोकाकडून, काढलेला बोअरस्कोपचा (नळीच्या आत बघायच्या बारीक कॅमेऱ्याचा) फोटो मिळाल्याशिवाय एक डॉलरसुद्धा पाठवू नका. माझे सगळे मिळून ५७२ डॉलर गेलेत आणि ज्याने नेले तो अजून बिनधास्त विकतोय, म्हणून हे लिहितोय.

मी टेक्सासमध्ये असतो, रेंजवर जाऊन टार्गेट शूटिंग करतो, शिकार वगैरे नाही. रेमिंग्टन ७०० रायफलची जुनी ॲक्शन होती, म्हणजे चेंबर बंद करणारा बोल्ट बसतो तो मुख्य भाग, स्टॉक आणि ट्रिगर बदलून झाले होते, बॅरल तेवढं राहिलं होतं. ६.५ क्रीडमोर या काडतुसाचं घ्यायचं ठरवलं कारण लांबच्या अंतरावर वाऱ्याने कमी ढळतं आणि खांद्याला फार धक्का बसत नाही. २४ इंच लांबी आणि १:८ ट्विस्ट, म्हणजे आतल्या खाचांचा ८ इंचांत एक पूर्ण वेढा, १४० ग्रेन वजनाच्या लांब बुलेटला तेवढा लागतोच. आता क्रीगर किंवा बार्टलाइनसारखं कट रायफलिंगचं (आतल्या पिळाच्या खाचा कापून काढलेलं) बॅरल घेऊन गनस्मिथकडून चेंबर कापून बसवून घ्यायचं तर आठशे-हजार डॉलर सहज जातात, शिवाय नंबर लागेपर्यंत थांबा. म्हणून मी बॅरल नटवालं प्रीफिट शोधत होतो, त्यात चेंबर आधीच कापलेलं असतं, गो गेज (मापाचा ठोकळा) लावून हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा, जुळवलं की घरी बसवता येतं. पण मला हवं तसं नवं प्रीफिट ४५० च्या खाली दिसत नव्हतं, आणि तेवढ्यात ही जाहिरात दिसली, ३१० डॉलर, वर २८ पोस्टेज. ३३८ मध्ये नावाजलेल्या कंपनीचं बॅरल, कंपनीचं नाव कोरलेलं, प्रोजेक्ट बदलला म्हणून विकतोय, एकही गोळी झाडलेली नाही. कोणीही थांबून बघितलंच असतं.

मी काही डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत हे आधी समजून घ्या. आटे कोणते विचारलं, तर १ पूर्णांक १/१६ इंच व्यास, इंचाला १६ आटे, बरोबर उत्तर. स्टील कोणतं, तर ४१६आर स्टेनलेस. नो गो गेज (थोडा मोठा ठोकळा) बोल्ट बंद होऊ देतो का, तर नाही, हेही बरोबर. माणसाला विषयातलं कळत होतं आणि माझा विश्वास बसला तो त्यावरच. अडाणी भामटा लगेच ओळखू येतो, जाणकार भामट्याला कसं ओळखायचं?

पण तो एक फोटो. अजून फोनमध्ये आहे माझ्या आणि बघितला की डोकं फिरतं. आट्यांच्या थोडं पुढे, बॅरलच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन मळकट पट्टे, बॅरल व्हाइसमध्ये (पकडून ठेवायच्या शिकंज्यात) आवळल्यावर पडतात तसे. मी विचारलंही, हे कसले डाग? तो म्हणाला, ॲक्शनवर एकदा बसवून हेडस्पेस बघितलं आणि लगेच काढलं. आता नुसतं हेडस्पेस बघायला प्रीफिट बॅरल हाताने फिरवून बसतं की, व्हाइस लागतोच कशाला! व्हाइस लागतो तो नट ताकदीने आवळायला, नाहीतर बरंच वापरून घट्ट बसलेलं बॅरल उतरवायला. हे मला माहीत होतं, तेव्हाही माहीत होतं, पण अकरा वाजून गेले होते रात्रीचे आणि तो सारखा सांगत होता की दुसरं गिऱ्हाईक सकाळी पैसे पाठवतंय. मी चेंबरच्या बाजूचा फोटो मागितला तर त्याने मझलच्या, म्हणजे गोळी बाहेर पडते त्या, बाजूने काढलेला पाठवला, आत लखलखाट, आरशासारखं बोअर. कॅमेऱ्यात उजेड नीट येत नाही म्हणाला. मागितला त्या बाजूचा फोटो येत नसेल तर तिथेच व्यवहार तोडा, मझल सहसा लखलखीतच दिसतं, बहुतेक झीज दुसऱ्या टोकाला असते.

पैसे बँकेच्या ॲपमधून थेट पाठवले कारण कार्डने घेतलं तर त्याला कमिशन जातं म्हणे. कार्डनेच द्या, दहा-पंधरा डॉलर वरचे गेले तरी चालतील पण कार्डनेच द्या.

बॅरल आलं, दिसायला स्वच्छ. गो आणि नो गो गेजची जोडी घेतली ६८ डॉलरची, बसवलं, गोळ्यांचे दोन बॉक्स घेतले ३८ प्रमाणे ७६ चे आणि रेंजवर गेलो. १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप तीन इंचांच्या वर! मी स्कोप काढून परत लावला, रिंगा तपासल्या, स्टॉकचे स्क्रू तपासले, गोळ्यांची कंपनी वाईट असेल असंही म्हणून बघितलं, कारण बॅरल तर नवं होतं ना. शेवटी गनस्मिथकडे नेलं, त्याने ९० डॉलर घेतले आणि बोअरस्कोप चेंबरकडून आत घालून स्क्रीन माझ्याकडे वळवली. चेंबर संपून रायफलिंग सुरू होतं तो थ्रोट दुष्काळातल्या शेतासारखा भेगाळलेला होता, लँड्सच्या, म्हणजे खाचांमधल्या उंचवट्यांच्या, कडा कुठल्या कुठे गेलेल्या, आणि पुढच्या भागात पेस्ट घालून घासल्याच्या बारीक रेघा. डमी राउंडमध्ये (दारू नसलेल्या काडतुसात) बुलेट लँड्सना टेकेपर्यंत बाहेर ओढली तर केसच्या, म्हणजे पितळी कवचाच्या, मानेत धड धरलीच जाईना, इतका थ्रोट पुढे झिजत गेला होता. ६.५ क्रीडमोरचं बॅरल साधारण दोन ते तीन हजार गोळ्या टिकतं, आणि या बॅरलने त्या कधीच झाडून टाकल्यात असं तो म्हणाला. गेज पुढेही कामाला येतील म्हणतात मित्र, पण मी ते याच बॅरलसाठी घेतले होते, ५७२ मध्ये मी ते मोजणारच.

आता पुढचं ऐका. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कोणी चोरले नाहीत, त्यामुळे हा फ्रॉड धरता येत नाही. जाहिरातवाले म्हणतात आम्ही फक्त जागा देतो, व्यवहार तुमचा तुम्ही. पोलिसांकडे गेलो तर पहिला प्रश्न, वस्तू मिळाली का? मिळाली. मग ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. अहो, पण नवी म्हणून जुनी दिली, खोटं बोलून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय आहे? त्यावर मलाच ओळखपत्र मागितलं, रायफल कुठून घेतली विचारलं, ग्रीन कार्ड बघितलं, जणू चोर मीच. थ्रोटचे फोटो प्रिंट काढून नेले होते, ते त्यांनी हातातसुद्धा घेतले नाहीत. टेक्सासच्या जस्टिस कोर्टात २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात हे खरं, पण विकणारा दुसऱ्या राज्यातला, त्याच्यावर तिथेच जाऊन दावा लावा असा सल्ला मिळाला. ३३८ डॉलरसाठी विमानाचं तिकीट, हॉटेल, आणि तारीख पडली की परत सगळं तेच! फेडरल पोर्टलवर तक्रार भरली, एक लांबलचक नंबर आला आणि त्यानंतर काही नाही. फोन केला की रेकॉर्ड केलेला आवाज, मेल केला की आपोआप येणारं उत्तर. रक्कम लहान आहे म्हणून कोणाला पडलेली नाही, आणि हे त्या भामट्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो रक्कम लहानच ठेवतो.

यातली खरी मेख इथे आहे. ॲक्शन घ्यायची असती तर ती परवानाधारक डीलरमार्फत आली असती, कारण फेडरल कायद्याप्रमाणे फायरआर्म म्हणजे ती, बॅरल नाही. बॅरल इथे टेक्सासमध्ये साध्या पार्सलने घरी येतं, मध्ये कोणी डीलर नाही, कुठे नोंद नाही, कोणी उघडून बघत नाही. आपल्याला ती सोय वाटते. आपल्याकडे १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये सुटे भागसुद्धा आर्म्समध्येच येतात, त्यामुळे कोणी असलं स्वस्तातलं बॅरल भारतातल्या मित्रासाठी बॅगेत टाकून न्यायचा विचारही करू नका. आणि इथे एच-१बी वर असाल तर रायफलच्या भानगडीत पडण्याआधी वकिलाला विचारा, हंटिंग लायसन्ससारखा अपवाद तुम्हाला लागू नसेल तर बंदूक जवळ ठेवणंच गुन्हा आहे.

फोनला जोडायचे बोअरस्कोप आता स्वस्तात मिळतात. जो माणूस तीनशे डॉलरचं बॅरल विकतोय त्याला थ्रोटचा फोटो काढता येत नाही हे कारण ऐकून घेऊच नका.

तो माणूस नाव बदलून परत आलाय. या वेळी .३०८ चं बॅरल आहे, २९५ डॉलर, परत "अनफायर्ड". फोटोत खाली तीच हिरवी रबरी चटई, डाव्या कोपऱ्यात कापलेली, आणि बाजूला पिवळी मोजपट्टी. मी दुसऱ्या अकाउंटवरून चेंबरच्या बाजूचा फोटो मागितला तर मला ब्लॉक केलं. ती चटई दिसली तर लगेच रिपोर्ट करा आणि पैसे पाठवू नका.