फिनेल-ॲसिडशिवाय घर: जळगावातला उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यापासून घरात फिनेल, संडासचं ॲसिड आणि वासाचे फ्लोअर क्लीनर आणणं बंद केलं. त्यांच्या जागी मोसंबी-लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम, रिठा, लिंबूसत्व, धुण्याचा सोडा आणि चुना आला. एवढ्यावर एक पूर्ण पावसाळा निघाला, तेव्हा आता ठामपणे लिहिता येईल: चालतं, आणि चांगलं चालतं. पण कुठली वस्तू कशावर वापरायची हे कळलं तरच. आणि पुसल्यावर घर कोरडं होत नसेल, तर महागातलं क्लीनर आणा नाहीतर घरचं बनवा, काहीच उपयोग नाही.

खानदेश म्हणजे कोरडं ऊन, मग दमटपणाचा प्रश्न कुठे येतो, असं बाहेरच्यांना वाटतं. इथे राहणाऱ्याला माहीत आहे. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो तेव्हा कूलर जीव वाचवतो, कारण हवा कोरडी असते आणि पाण्याची वाफ होताना गारवा मिळतो. जून संपता संपता हवेतच ओल येते, तरी कूलर चालूच राहतो. मग खोली गार होत नाही, नुसती चिकट होते. चादरी दमट, कपाटाला कुबट वास, पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके. आमच्याकडे बुरशीचं पहिलं कारण पाऊस नसून खिडक्या बंद ठेवून चालवलेला कूलर हे होतं. हवा दमट झाली की कूलर बंद, टाकीतलं पाणी काढायचं, गवताच्या जाळ्या उन्हात वाळवायच्या. यात क्लीनर कुठलाच लागत नाही, आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

बायोएन्झाइमचं प्रमाण ठरलेलं आहे: 1 भाग गूळ, 3 भाग साली, 10 भाग पाणी. म्हणजे 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम साली, 1 लिटर पाणी. साली रसवंतीवाला आनंदाने देतो, त्याला त्या टाकायच्याच असतात. बरणी प्लॅस्टिकची घ्या, काचेची नको, आणि वर थोडी जागा सोडा. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा. वर पांढरी साय येते, तिला घाबरू नका. काळी-हिरवी बुरशी मात्र वेगळी. ती दिसली तर ते पाणी घरात वापरू नका. साधारण 3 महिन्यांनी गाळलं की तपकिरी, आंबूस वासाचं पाणी मिळतं. बादलीभर पाण्याला अर्धी वाटी पुरते. टाइल्सच्या फरशीवर फिनेलनंतर राहणारा तो बुळबुळीत थर यात राहत नाही, पावसाळ्यात अनवाणी चालताना हे लगेच जाणवतं. मोरीचा वासही गेला.

आता महत्त्वाचं. हे पाणी आम्लधर्मी असतं, आणि आपल्याकडे निम्म्या घरांत शहाबादी फरशी नि कडप्प्याचा ओटा आहे. दोन्ही चुनखडीचे दगड, आंबट लागलं की झिजतात. शेजारच्या काकूंच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली, तिथे पांढरट गोल उमटला तो आजही आहे. अशा दगडावर रिठ्याचं पाणीच वापरा. मूठभर रिठे रात्री भिजवून सकाळी उकळायचे, कुस्करून गाळायचे. फेस भरपूर येतो, ओट्याचा तेलकटपणा जातो. फक्त पावसाळ्यात हे पाणी लवकर आंबतं, म्हणून थोडंच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

बोअरच्या पाण्याने नळांवर आणि बाथरूमच्या टाइल्सवर क्षारांचे पांढरे थर बसतात. इथे लिंबूसत्वाला तोड नाही. लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे, त्यात भिजवलेलं फडकं नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग घासणीने घासा. संडासलाही हेच. सेप्टिक टँकवाल्यांनी तर ॲसिड वापरणं बंदच करायला हवं, टँकमधले जिवाणू त्याने मरतात.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवायचे व्हिडिओ बघून कुणी भुलू नये. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, फेस दिसतो आणि हाती जवळजवळ साधं पाणीच उरतं. वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाचे आहेत. आणि ब्लीचिंग पावडरमध्ये यातलं काहीही आंबट कधीच मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

भिंतीच्या बुरशीवर बायोएन्झाइमने माझं समाधान झालं नाही. डाग फिका होतो, आठवड्याभरात परत येतो. तिथे चुना जिंकला. गच्चीची भेग बुजवली, पोपडे खरवडले, भिंत पूर्ण वाळू दिली आणि मागच्या खोलीत प्लॅस्टिक पेंटऐवजी चुन्याचे दोन हात दिले. चुना तीव्र अल्कली, त्यावर बुरशीला जगणं अवघड जातं, आणि भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहते. गावाकडच्या जुन्या धाब्याच्या घरांना दरवर्षी चुना का देत, ते या भिंतीकडे बघून पटलं. लावताना डोळे जपा, हातमोजे घाला. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढली, ऊन पडेल त्या दिवशी दारं उघडी ठेवली. पलंगामागे पुन्हा ठिपका नाही.

एक गोष्ट मात्र घरात ठेवली आहे, ब्लीचिंग पावडर. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले तर संडास निर्जंतुक करायला ती हवीच. बायोएन्झाइम घाण काढतं, त्याच्यावर जंतू मारण्याचा भरवसा ठेवू नका.

कुणाला सुरुवात करायची असेल तर साली मार्चमध्येच भिजत घाला. तेव्हा रसवंत्या जोरात असतात, आणि मृगापर्यंत बरणी गाळायला तयार होते.