बॉम्बची धमकी आली तर: लगेच बाहेर, आधी शोध, की आतच थांबायचं?

संस्थेचा आपत्कालीन आराखडा लिहिताना गाडी हमखास इथे अडते. निनावी फोन किंवा मेल आला, तर इमारत तडक रिकामी करायची, आधी शोध घेऊन मग ठरवायचं, की लोकांना आतच सुरक्षित जागी न्यायचं? पोलिसांना कळवणं तिन्हींत पहिलं, त्यावर चर्चा नको. बाकीचं मात्र आधी ठरवून ठेवावंच लागतं, कारण फोन आल्यावर विचार करायला सवड नसते.

तडक बाहेर काढणं समजायला सगळ्यात सोपं. धमकीत वेळ आणि जागा नेमकी सांगितली असेल, तर दुसरा विचार करूच नये. १५ जून १९९६ रोजी मँचेस्टरमध्ये स्फोटाच्या तासाभराहून आधी फोन आला होता. सुमारे ७५ हजार लोकांना हलवलं गेलं. दोनशेहून जास्त जखमी झाले, पण एकही जीव गेला नाही. उलट १५ ऑगस्ट १९९८ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या ओमा शहरात इशाऱ्यांमधून जागेचा चुकीचा बोध झाला आणि लोक नेमके बॉम्ब ठेवलेल्या गाडीच्या दिशेने हलवले गेले. २९ जण मारले गेले. म्हणून ‘बाहेर’ म्हणजे आपोआप ‘सुरक्षित’ असं मी कधीच धरत नाही. बाहेर पडायचे रस्ते आणि जमायची जागा आधी तपासलेली हवी. आगीच्या वेळी जमायची जागा बहुधा इमारतीला लागून असते, ती इथे चालत नाही. ब्रिटनमधल्या मार्गदर्शनानुसार बॅगेसारख्या वस्तूपासून किमान १०० मीटर, छोट्या गाडीपासून २०० आणि मोठ्या गाडीपासून ४०० मीटर दूर जायचं असतं. आगीचा भोंगाही वाजवू नका. तो ऐकून लोक सामान टाकून पळतात आणि मागे बेवारस बॅगांचा ढीग उरतो. इथे उलट ‘आपली बॅग सोबत घ्या’ असंच सांगायचं असतं.

दुसरा मार्ग आधी शोध घेण्याचा. याला तयारी जास्त लागते, पण मला तो सर्वांत भरवशाचा वाटतो. बॉम्बशोधक पथक कितीही निष्णात असलं, तरी जिन्याखालचं खोकं रोजचं की आजचं, हे सफाई कर्मचाऱ्यालाच ठाऊक. म्हणून इमारतीचे भाग पाडा आणि प्रत्येक भाग तिथेच काम करणाऱ्या दोघांकडे द्या. खोलीत शिरल्यावर आधी स्तब्ध उभं राहून कानोसा घ्यायचा. मग जमिनीपासून कमरेपर्यंत, कमरेपासून डोक्यापर्यंत आणि शेवटी छतापर्यंत नजर फिरवायची. काही खटकलं तर हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवून मागे फिरायचं. वॉकी-टॉकी किंवा मोबाइल वापरायचा तो १५ मीटर लांब गेल्यावर. धमकीत वेळ दिलेली असेल, तर त्याच्या बरंच आधी शोध थांबवायचा. आणि हे काम राजीखुशीनेच व्हावं, कुणावर लादू नये.

आत थांबवणं हा पर्याय तेव्हाच, जेव्हा धोका बाहेर असतो, म्हणजे रस्त्यावर संशयास्पद गाडी उभी असते. मग खिडक्यांपासून दूर, इमारतीच्या मधल्या भागात जायचं, कारण उडणाऱ्या काचांनी फार माणसं जखमी होतात. चहूबाजूंनी काचा असलेल्या हलक्या बांधकामात याचा उपयोग नाही.

माझं मत विचाराल, तर बहुतेक कार्यालयांनी शोध हा पाया धरावा. धमकी नेमकी असेल किंवा काही सापडलं, तर लगेच बाहेर. शाळेत शोधायला मोठी माणसं कमी आणि मुलं जास्त, तिथे लवकर बाहेर काढण्याकडे कल ठेवा. रुग्णालयात सरसकट रिकामं करणं हाच रुग्णांच्या जिवाला धोका, म्हणून तिथे विभागवार हलवायची योजना हवी.

मार्ग कुठलाही निवडा, फोन घेणाऱ्याच्या टेबलावर छापील फॉर्म असू द्या: कुठे ठेवलाय, कधी फुटेल, दिसतो कसा, कशाने फुटेल, का ठेवलात. बोलणं लांबवायचं, शब्द न शब्द टिपायचा, मागचे आवाजही. समोरच्याने फोन ठेवला, तरी आपण ठेवायचा नाही. मेल असेल तर डिलीट करू नका, चिठ्ठी असेल तर हाताळू नका.

आणि आराखड्यावर सही करण्याआधी एक ओळ तपासा: रात्रपाळीत, साहेब घरी असताना, इमारत रिकामी करायचा हुकूम कोण देणार? तिथे हुद्द्यासोबत नाव हवं, आणि तो माणूस भेटला नाही तर दुसऱ्याचंही.