आठ महिने, दरमहा ३४९ रुपये आणि अंतरपाटाची मागची बाजू

मंगळवारी सकाळी चहा व्हायच्या आत मोबाइल वाजला. ३४९ रुपये गेले. थोरलीचं लग्न होऊन दोन महिने झाले, आषाढ लागला, मंडपवाल्याचे शेवटचे पैसे फिटले, आणि लग्नाची थीम सुचवणारं हे ॲप अजून आमच्या खात्यावर जेवतंय. डिसेंबर ते जुलै, आठ हप्ते, २,७९२ रुपये. त्या रागातच लिहायला बसलो. लिहिता लिहिता राग थोडा उतरला, तेही खाली येईलच.

चूक माझीही आहे. असे ठरलेले हप्ते कापायच्या २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि मेसेज आलाही होता. बँकेत ३१ वर्षं काउंटरवर बसून लोकांना 'मेसेज वाचत जा' म्हणणारा माणूस मी, आणि माझाच वाचायचा राहिला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: मोबाइलवरून ॲप काढून टाकलं म्हणून पैसे थांबत नाहीत. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे म्हणून जागा असते, तिथे जाऊन ते मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायची परवानगी, रद्द करावं लागतं. मुहूर्ताच्या दुसऱ्याच दिवशी करा. मांडव परतणीच्या यादीतच लिहून ठेवा.

ॲप काय करतं ते नव्याने सांगत नाही. लग्नाचे फोटो, ते चिकटवायला बोर्ड, प्रश्न विचारून थीम सुचवणं, खर्चाचा तक्ता. नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही.

साखरपुडा झाला त्या रात्री थोरली म्हणाली, "बाबा, सगळ्यांची लग्नं सारखीच दिसतात. मला आपली थीम पाहिजे." मी म्हटलं, लग्न हीच थीम नाही का? त्यावर तिने आणि तिच्या आईने एकमेकींकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेची किंमत दरमहा ३४९ रुपये.

पहिल्या दिवशी ॲपने प्रश्न विचारले. समुद्र की डोंगर? सूर्योदय की सूर्यास्त? कॉफी की वाइन? आम्ही सोलापूरकर. आमच्याकडे समुद्र नाही, डोंगर नाही, ऊन आहे. तो पर्याय नव्हता. तिने काहीतरी दाबलं आणि निकाल आला: 'रस्टिक बोहो'. म्हणजे काय, तर सगळं मातकट, धुवट, बदामी, आणि स्टेजवर ते मोठ्या वाळक्या तुऱ्यांचं पॅम्पास गवत. आमच्या डेकोरेशनवाल्याने नुसत्या त्या गवताच्या स्टेजचे ३८,००० सांगितले.

त्याच आठवड्यात मेहुण्याच्या माळशिरसच्या रानात गेलो होतो. ऊस तुऱ्यावर आला होता. तुरा फुटला की ऊस वाढायचा थांबतो, तोड लांबली तर आतून पोकळ पडतो, वजन घटतं. मेहुणा कपाळाला हात लावून बांधावर बसलेला. मी त्याला त्या गवताचा फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "दाजी, ह्येचे पैशे देत्यात लोकं?" गवताच्या बाजूने एक मान्य करतो. वैशाखात सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो आणि निशिगंध दुपारी माना टाकतो. वाळलेलं गवत मुळात वाळलेलंच. पण पुतण्याच्या लग्नात स्टेजशेजारी मोठे उभे पंखे लावले, आणि पंगतीत मठ्ठ्याच्या वाटीवर कापसासारखी कुसं तरंगताना मी या डोळ्यांनी पाहिली. गवत रद्द.

डेकोरेशनवाल्याने मग वारली थीम काढली. वारली ही मुळात लग्नातलीच चित्रकला. डहाणू-जव्हारकडे लग्नघराच्या भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मधोमध पालघाट देवी. याच्या नमुन्यात देवी नाही, चौक नाही, नुसता तारपा नाच, आणि तोही कचऱ्याच्या डब्यावर. बोललो नाही. कॅटलॉग मिटवून परत दिला.

आता माझा मुख्य मुद्दा. घरचे म्हणतात की मी यात अडकून पडलोय. असेन.

ॲपवर अंतरपाटांचे ६४ फोटो आहेत. मी मोजलेत. मोर, कमळं, लक्ष्मीनारायण, वधूवरांची नावं, एकीने तर दोघं भेटले तो बसस्टॉप भरून घेतलाय. ६४च्या ६४ फोटो पुढच्या बाजूचे. अंतरपाटाला पुढची बाजू असते हे कोणी ठरवलं? तो धरतातच दोघांच्या मधे. एक माणूस या बाजूला, एक त्या बाजूला. ज्याच्या वाट्याला मागची बाजू येते, त्याने सगळी मंगलाष्टकं होईपर्यंत काय बघायचं?

हा प्रश्न हवेतला नाही. आमच्या हिने ॲपवरच्या दुव्यावरून तयार अंतरपाट मागवला होता, २,२०० रुपयांचा. पुढून छान. मोर, आणि खाली जरीत 'शुभमंगल सावधान'. उलटा करून पाहिला. गाठी, लोंबते दोरे, एका रंगावरून दुसऱ्या रंगावर मारलेल्या उड्या, भरतकाम ताठ राहावं म्हणून चिकटवलेला कागद अर्धवट फाडलेला. आणि 'सावधान' आरशातलं. मुलगी आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी उभी राहणार आणि तिच्या डोळ्यांसमोर उलटा 'सावधान'? ही म्हणाली, नवऱ्यामुलाला त्या बाजूला उभं करू. मी म्हटलं, तो काय कोणाचा नाही? अंतरपाट परत पाठवला. पैसे मिळाले, कुरिअरचे १२० बुडाले.

तेव्हाच मी ॲपला एक तारा देऊन मोकळा झालो होतो. तो एक तारा पुढे बदलला, ते असं.

जानेवारीत गड्डा यात्रेला थोरली आली होती. बाहेरच्यांना सांगतो: संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी प्रतीकात्मक लग्न लागतं. मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक रस्त्यावर असतात, संमती कट्ट्यावर संमती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचली जाते आणि अख्खं गाव अक्षता टाकतं. लहानपणापासून बघतोय, पण ही गावाची लग्नाची थीम आहे असं कधी डोक्यात आलं नाही. तिच्या आलं. घरी येऊन तिने आजीची, म्हणजे माझ्या आईची, ट्रंक उघडली आणि इरकल काढली. डाळिंबी अंग, लाल रेशमी पदर, पदरात पांढरी देवळाच्या शिखरांसारखी नक्षी.

ॲपमध्ये एक सोय आहे, फोटोतले रंग बाजूला काढून दाखवायची. तोवर कोणी तिला हात लावला नव्हता. थोरलीने इरकलीचा एक आणि बाराबंदीतल्या गर्दीचा एक फोटो टाकला. पाच चौकोन आले. नावं अर्थातच त्यांची: डाळिंबीला 'डस्टी रोज', बाराबंदीच्या पांढऱ्याला 'आयव्हरी'. पण रंग बिनचूक. इतके बिनचूक की पदराच्या कडेला आईच्या हातच्या हळदीचा जुना डाग होता, तोही पाचवा रंग म्हणून वेगळा निघाला. ही थोडा वेळ स्वयंपाकघरात जाऊन आली. पत्रिका, मांडवाचं कापड, स्टेजमागचा पडदा, सगळं त्या पाच चौकोनांतून ठरलं. मंडपवाल्याला तोंडी 'डाळिंबी' सांगितलं असतं तर त्याने मरून रंग लावला असता. मोबाइल समोर धरला आणि कापड जुळवून घेतलं. स्टेज १९,०००त झालं. या एका सोयीसाठी दोन तारे वाढवले.

बाराबंदी नवऱ्यामुलाच्या मित्रांनी संगीताला घालायची टूम निघाली होती, ती मी मोडली. यात्रेतला पोशाख आहे तो, नाचायला नाही. रंग घ्या, कपडा राहू द्या. जावईबापूंनी ऐकलं. माणूस बरा आहे.

अंतरपाट मात्र राहिलाच होता. आईची इरकलच धरू असं धाकटीचं म्हणणं, पण गुरुजी म्हणाले कोरं वस्त्र हवं, नेसलेलं चालणार नाही. मग त्या इरकलीनेच वाट दाखवली. तिच्या काठावर आईने कसुती, म्हणजे धारवाडकडचं हातभरतकाम, करून घेतली होती. मी चष्मा वर करून ती जवळून पाहिली, सवयीने उलटून पाहिली, आणि बघतच राहिलो. मागेही तेच. गाठ नाही, दोरा लोंबत नाही.

विहीणबाईंचं माहेर धारवाडचं. त्यांनी समजावलं. कसुतीत चार टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंतीत सुई एकदा पुढे जाताना एकाआड एक टाका सोडते आणि परत येताना तेच रिकामे घर भरते. त्यामुळे रेघ दोन्हीकडे सारखी उमटते. मुरगीही तशीच, फक्त पायऱ्यापायऱ्यांची. कापडावर चित्र छापून घेत नाहीत, धागे मोजून टाका घालतात. गाठ मारतच नाहीत. मला एवढं ऐकल्यावर रात्री झोप लागली नाही म्हटलं तरी चालेल. मी जे शोधत होतो ते माझ्या आईच्या ट्रंकेत होतं, आणि ६४ फोटोंत एकही कसुतीचा नव्हता.

त्यांच्या माहेरच्या ओळखीतल्या बाईंनी जाड हातमागाच्या पांढऱ्या सुती कापडावर पाच आठवड्यांत करून दिला. लाल दोरा, गवंती आणि मुरगी एवढेच टाके. मधे गोपुर, दोन्हीकडे तुळशीवृंदावनं, कोपऱ्यांत समोरासमोर हत्ती. डावं-उजवं सारखं, म्हणजे उलटून पाहिलं तरी चित्र तेच. अक्षर एकही नाही, ही माझी अट. ६,५०० रुपये. महाग आहे, मला माहीत आहे. गवतात वाचवले होते. मापाचं एक सांगतो: तयार अंतरपाट आखूड असतात. जावई सहा फूट. आम्ही सव्वा मीटर उंच आणि दीड मीटर रुंद घेतला, तरी धरणाऱ्या मामांचे हात भरून आले.

मुहूर्ताच्या आधी गुरुजींनी ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायला घेतलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कुंकू पाझरलं तर पलीकडे स्वस्तिक उलटं दिसणार! मी अडवलं. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, अंतरपाट बघायचा नसतो. दोघांनी तेव्हा कुलदेवतेचं नाव घ्यायचं असतं. तुम्ही तिकडे अक्षता वाटा बघू."

वाटल्या. मंगलाष्टकं १७ मिनिटं चालली, कारण विहीणबाईंच्या नणंदेने स्वतः रचलेली म्हटली. शार्दूलविक्रीडित वृत्तात ओळीला १९ अक्षरं. बाईंनी दोन्ही घराण्यांचे सगळे जावई बसवायचे म्हणून तेवीस-चोवीसपर्यंत नेली, आणि 'कुर्यात सदा मंगलम्'ला येईतो वाजंत्रीवाल्याने दोनदा चुकून ताशावर टिपरू मारलं. नंतर थोरलीला विचारलं, काय दिसत होतं गं? म्हणाली, "हत्ती मोजत होते, बाबा." जावयांना विचारलं. तेही हत्तीच मोजत होते. चार.

बाकी ॲपबद्दल भराभर सांगतो. खर्चाचा तक्ता चांगला, पण आहेर लिहायला रकाना नाही. कामांच्या यादीत 'ब्राइड्समेड' आहेत, रुखवत नाही. हिच्या कुरडया, सांडगे आणि लोकरीच्या तोरणाची नोंद मी 'इतर'मध्ये केली. मराठी लग्न म्हणून शोधलं की तेच चाळीस चेहरे, त्यातल्या कित्येकींच्या नथी उजवीकडे, म्हणजे फोटो आरशासारखा फिरवलेला. बाजूंचं या लोकांना एकूणच वावडं आहे.

पैशांचं भांडण असं झालं. मंगळवारीच तक्रार टाकली. उत्तर आलं, 'तुमच्या खास दिवसासाठी अभिनंदन!' पुन्हा लिहिलं, खास दिवस होऊन गेला, पैसे परत द्या. गुरुवारी कोणी बाई बोलल्या, नीट बोलल्या. नियमात बसत नाही, पण एकवेळ परत करतो म्हणाल्या, सात दिवसांत. आले की इथे लिहीन. मग विचारलं, "सर, तीनच तारे का?"

मी सांगितलं. अंतरपाटाची मागची बाजू दाखवणारा एक तरी फोटो तुमच्याकडे असू द्या, चौथा तारा देतो. त्या म्हणाल्या, तुम्हीच टाका ना. लग्नाच्या आदल्या दिवशी, कुंकू लागायच्या आधी, मी खिडकीशी धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले होतेच. काल रात्री बसून दोन्ही चढवले. पहिला लागला. दुसऱ्याला लाल पट्टी आली: 'हा फोटो आधीच अपलोड केलेला आहे.'