पदार्थांचे गुणधर्म शिकवायची पेटी: घ्या, पण काच आधी बाजूला काढा

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवते. चौथीसाठी ही पेटी ऑनलाइन मागवली. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम, लाकूड, रबर, काच यांचे एकाच मापाचे तुकडे, लोहचुंबक, ड्रॉपर आणि भिंग, एवढं सामान आहे.

माप एकच ठेवलंय, हे फार चांगलं केलंय. एका हातात लोखंड, दुसऱ्यात ॲल्युमिनियम दिलं की पोरं ओरडतात, "बाई, हे केवढं जड!" आकार तोच, वजन जवळजवळ 3 पट. फळ्यावर लिहून हे कधीच पोचत नाही.

चुंबक तांब्याला चिकटत नाही म्हटल्यावर पोरांनी जेवणाच्या डब्यातले चमचे काढले. दोघेही स्टीलचे, पण एक चिकटला, एक नाही! स्टीलमध्ये निकेल मिसळलं असेल तर चुंबक बहुधा धरत नाही, हे तेव्हा सांगितलं. तो तास मधल्या सुट्टीतही चालूच राहिला.

काचेच्या कडा मात्र घासलेल्या नाहीत. लहान मुलांच्या हातात हे देणं चूकच. विक्रेत्याला कळवलं, उत्तर नाही.

आणि पेटीत माती नाही! आमच्या खानापुरात कुंभारकाम एवढं नावाजलेलं, म्हणून मी फुटक्या मडक्याची खापरी घातली. ड्रॉपरने थेंब सोडला की खापरीत जिरतो, चिनी मातीच्या कपावर तसाच राहतो. माठातलं पाणी गार का होतं, ते इथूनच सुरू करता येतं.

पाच-सहा मुलांच्या गटाला एक पेटी पुरते.