वरची लेन्स स्वच्छ होती

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी यशिका मॅट-१२४जी हा जुना कॅमेरा २१,००० रुपयांना विकत घेतला आणि त्यात पद्धतशीर फसलो. विक्रेत्याने व्हिडिओत दाखवलेली लेन्स खरोखरच स्वच्छ होती. फक्त ती फोटो काढणारी लेन्स नव्हती. हा प्रकार इतका साधा आहे, आणि तो ओळखायला इतका थोडा वेळ लागतो, की मला तो पाच आठवडे कळला नाही हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

मी मालवण तालुक्यात राहतो. जत्रांचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे गावोगावी रात्री दशावतार उभा राहतो, आणि खेळापूर्वी देवळाच्या पडवीत नट आपापल्या पेटाऱ्याशी बसून, एका हातात आरसा धरून, स्वतःचा रंग स्वतःच लावतात. ते चेहरे मला मोठ्या निगेटिव्हवर हवे होते. ३५ मिमी फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते, तर १२० या रुंद फिल्मवरची चौरस चौकट प्रत्यक्षात सुमारे ५६ बाय ५६ मिलिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठी. चेहऱ्यावरच्या पांढऱ्या रंगाला पडलेली बारीक भेग मोठ्या छापातही भेगच राहते, तिचा दाणेदार रवा होत नाही.

परवडणारा कॅमेरा निवडताना मी बराच विचार केला होता, हे मुद्दाम सांगतो, कारण अभ्यास केलेला माणूस फसत नाही असा एक समज असतो. आमच्या भागातल्या अनेक घरांत माळ्यावर सापडणारा आग्फा क्लिक-३ हा १२० फिल्मच घेतो, परंतु त्यात फोकस करण्याची सोय नाही. सोव्हिएत लुबिटेल स्वस्त मिळतो, मात्र त्यात फोकस पाहायला मधोमध एक लहानसा दुधी ठिपका असतो आणि रात्री त्यात काही दिसत नाही. मामिया आरबी-६७ लेन्स आणि फिल्म बसवायच्या पाठीसकट अडीच किलोंच्या घरात जातो. तो गळ्यात घालून जत्रेच्या गर्दीत शिरणे माझ्या वयाला शोभणारे नाही. मामिया ६४५ आणि ब्रॉनिका ईटीआरएस यांची शटरे बॅटरीवर चालतात. ब्रॉनिकाची बॅटरी संपली तर तो केवळ १/५०० सेकंदावर चालतो, आणि दमट हवेत पन्नास वर्षांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर विसंबण्याची माझी तयारी नव्हती. राहता राहिला यशिका. १९७० ते १९८६ या काळात बनलेला, चार काचांची ८० मिमी यशिनॉन लेन्स असलेला, आणि ज्याच्या शटरला बॅटरी लागतच नाही. त्यातल्या प्रकाशमापकाला १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागे, जी आता मिळत नाही. परंतु मापक बंद असला तरी माझे अडणार नव्हते. निवड योग्यच होती, आणि आजही मी हाच कॅमेरा निवडेन.

हा कॅमेरा ज्यांनी हाताळलेला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण सगळी फसवणूक त्यातच आहे. त्याला एकावर एक अशा दोन लेन्स असतात. वरच्या लेन्समधून आलेली प्रतिमा आरशावरून वळून वरच्या दुधी काचेवर पडते आणि आपण ती खाली मान घालून पाहतो. फिल्मवर प्रकाश सोडते ती खालची लेन्स, आणि शटरही तिच्याच पोटात, काचांच्या पुढच्या आणि मागच्या गटांच्या मध्ये असते. वरच्या लेन्सला शटर नाही. त्यामुळे तिच्यातून केव्हाही आरपार पाहता येते, पण खालच्या लेन्ससमोर डोळा लावला तर पुढच्या एक-दोन काचा दिसतात आणि त्यांच्यामागे शटरची मिटलेली काळी पाती.

विक्रेता मुंबईकडचा होता. त्याच सुमारास इतर लोक अशा कॅमेऱ्याचे तीस ते पस्तीस हजार सांगत होते आणि हा एकवीस म्हणत होता. घर बदलायचे असल्याने घाईत विकतो आहे, असे त्याचे म्हणणे. मी लेन्समध्ये फंगस, म्हणजे बुरशी, आहे का असे विचारताच त्याने अर्ध्या तासात व्हिडिओ पाठवला. वरचे झाकण उघडे, दुधी काचेवर वरच्या लेन्समधून मोबाईलच्या टॉर्चचा झोत सोडलेला, काचेवर एक डागही नाही. मग त्याने कॅमेरा वळवून खालच्या लेन्सवर तोच झोत बाहेरून फिरवला, आणि तिच्यावरचा जांभळट कोटिंगचा रंग इतका सुंदर चमकला की मी पुढे काही विचारलेच नाही. शटर त्याने तीनदा उडवून दाखवले. तिन्ही वेळा 'टक्' असा नेमका, कोरडा आवाज आला. नमुन्यादाखल त्याने सहा फोटोही पाठवले, सगळे चौरस, सगळे उत्तम.

रक्कम यूपीआयने आगाऊ द्यावी, माल हाती आल्यावर पैसे हा प्रकार चालणार नाही, आणि आणखी दोघेजण थांबलेले आहेत, असे तो म्हणाला. थांबलेले दोघे खरेच होते की नाही कोण जाणे. मी रात्री अकराला पैसे पाठवले.

पार्सल चार दिवसांत आले. मी दुधी काचेत पाहिले, अंगणातली माडाची झावळी डावी-उजवी बदलून स्वच्छ उभी राहिली, आणि त्या आनंदात मी त्याला लिहिले, "कॅमेरा मिळाला, उत्तम स्थितीत आहे, मनापासून आभार." हे वाक्य मला पुढे फार महाग पडले. वस्तू पोहोचल्याचे कळवण्यात गैर काही नाही, परंतु पहिला रोल धुऊन हाती येईपर्यंत 'उत्तम' हा शब्द लिहून देऊ नये.

त्यानंतरच्या जत्रेत मी ४०० आयएसओचा इलफर्ड एचपी-५ प्लस हा कृष्णधवल रोल घेऊन पडवीत बसलो. एका बल्बचा उजेड, ॲपर्चर म्हणजे लेन्सचे तोंड एफ/३.५, शटरचा वेग १/१५ सेकंद, तिपाईवर कॅमेरा. १२० च्या रोलवर या आकाराचे बाराच फोटो निघतात, म्हणून प्रत्येक वेळी नट श्वास रोखेल तेव्हाच बटण दाबत होतो. शटरचा आवाज मला किंचित लांबल्यासारखा वाटला. पण पखवाज जुळवणे चालू होते, आणि आपल्याला भास होतो आहे असे मी स्वतःला समजावले.

रोल मी घरीच डी-७६ या डेव्हलपरमध्ये धुतला. टाकीतून काढल्यावर पाहतो तो बारापैकी आठ निगेटिव्ह जवळजवळ काळ्याठिक्कर, म्हणजे ठरवल्यापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश लागलेल्या. उरलेल्या चारांत बल्ब जिथे चौकटीत आला होता तिथे त्याच्याभोवती धुक्याची मोठी वर्तुळे, आणि काळा रंग कुठेच काळा नाही. चूक धुण्यात झाली असावी अशी माझी समजूत, म्हणून मी दुसरा रोल किनाऱ्यावर, भर उन्हात काढला. तो बरा आला, तरी सगळे फोटो दूध सांडल्यासारखे फिकट. एव्हाना पाच आठवडे झाले होते.

बाजारात एक जुने स्टुडिओवाले काका आहेत, ज्यांनी अशाच कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षे लग्ने काढली. मी निगेटिव्ह आणि कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी निगेटिव्हकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. कॅमेऱ्याची पाठ उघडली, वेगाची चकती 'बी'वर नेली, म्हणजे बटण दाबून धरू तोवर शटर उघडे राहते, ॲपर्चर पूर्ण उघडे केले, बटण दाबून धरले आणि म्हणाले, "मोबाईलची बॅटरी लाव. फुडसून." मी पुढून उजेड टाकला आणि मागून डोळा लावला. शटरच्या मागच्या काचेवर कडेपासून मध्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या तंतूंची नक्षी पसरली होती. काही तंतू पुढे फुटून पिसासारखे झाले होते. काका शांतपणे म्हणाले, "त्येना तुका वरचो डोळो दाखवल्यान. फोटो काढता तो खालचो."

मग त्यांनी वेग एका सेकंदावर ठेवून बटण दाबले. निरोगी शटरमधून अशा वेळी बारीक दातेरी चाकांची सलग खरखर ऐकू येते आणि सेकंदभराने पाती मिटतात. इथे खरखर सुरू झाली, मध्येच थांबली आणि पाती उघडीच राहिली. काकांनी कॅमेऱ्यावर बोट आपटल्यावर मिटली. मंद वेगांची चाके जुन्या तेलाने चिकटली होती. विक्रेत्याने व्हिडिओत तीनदा उडवलेले शटर वेगवान होते, बहुधा १/१२५ किंवा त्याहून जलद, आणि त्या वेगांना ही चाके फारशी लागत नाहीत. मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. वेगाचा आकडा एकाही क्षणी दिसत नाही. तिथे अंगठा आहे.

त्या रात्री त्याचे सहा नमुना फोटोही मी मोठे करून पाहिले. चौथ्या फोटोच्या वरच्या कडेला कापताना राहिलेले अर्धे चौकोनी भोक दिसले. १२० फिल्मला भोके नसतात. ती ३५ मिमी फिल्मला असतात. म्हणजे ते फोटो या कॅमेऱ्याचे नव्हतेच, दुसऱ्या कुठल्या तरी कॅमेऱ्याचे, कापून चौरस केलेले होते. नमुना मागायचाच असेल तर फोटो मागू नये, निगेटिव्हची पट्टी खिडकीवर धरून काढलेले चित्र मागावे.

मी विक्रेत्याला सर्व पुरावे पाठवले. त्याने उत्तर म्हणून माझेच आभाराचे वाक्य परत पाठवले, आणि कोकणात पाच आठवडे ठेवल्यावर फंगस येणारच, असे वर ऐकवले. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो, कारण आमची हवा तशीच आहे. परंतु मी ज्या दुरुस्ती करणाऱ्याकडे कॅमेरा नेला त्याने लेन्स उघडून दाखवले की ही वाढ जुनी आहे. बुरशी नवी असेल तर पुसून निघते. ती बराच काळ राहिली की तिच्यातून सुटणारे आम्ल कोटिंग आणि काचही खाते, आणि पुसल्यानंतर तंतूंच्या जागी कोरीव रेषा उरतात. माझ्या काचेवर त्या उरल्या. शटरची सफाई ४,५०० रुपयांत झाली. काचेवर इलाज नव्हता.

सायबर आर्थिक फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. तिथे लगेच कळवले तर रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडवली जाण्याची काही शक्यता असते. मला जाग येईपर्यंत ती शक्यता कधीच मावळली होती.

विक्रेता फसवणारा नसला तरी नुकसान होते, म्हणून आमच्या किनाऱ्यावरच्या खरेदीविषयीही सांगतो. देवगड-वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत 'आजोबांचा कॅमेरा, कातडी पेटीत जपून ठेवलेला' असे सांगून पुष्कळ कॅमेरे विकले जातात, आणि सांगणारा अगदी प्रामाणिक असतो. परंतु ती कातडी पेटीच घातक आहे. चामडे पावसाळ्यातली ओल धरून ठेवते, कपाटात अंधार आणि कोंडलेली हवा असते, आणि बुरशीला याहून अधिक काही लागत नाही. अशा पेटीला कुबट वास येत असेल, तर किंमत विचारण्याआधी कॅमेऱ्याची पाठ उघडून घ्यावी. माझा कॅमेरा आता पेटीबाहेर, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर राहतो. दाणे ओल शोषून गुलाबी झाले की मी ते एका जुन्या, स्वयंपाकातून कायमच्या बाद केलेल्या तव्यावर तापवून पुन्हा निळे करतो. तवा बाद का झाला, यावर घरात स्वतंत्र चर्चा झालेली आहे.

मागच्या महिन्यात त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली. नाव वेगळे होते, पण टेबलावरचे फुलाफुलांचे मेणकापड तेच, आणि या खेपेला कॅमेरा रोलिकॉर्ड होता, तोही एकावर एक दोन लेन्सचाच. व्हिडिओत वरून टॉर्च, दुधी काच स्वच्छ, शटर तीनदा, 'टक्', आणि वेगाच्या आकड्यावर अंगठा. मी पुतण्याच्या नंबरवरून विचारले की पाठ उघडून, 'बी'वर शटर धरून, खालच्या लेन्समधून उजेड दाखवाल का, आणि एका सेकंदाचा आवाज ऐकवाल का. दोन मिनिटांत उत्तर आले, "सॉरी सर, विकला गेला."

ती जाहिरात आज सकाळपर्यंत तशीच होती.