एसएमबी आणि ३० मीटरचा स्पूल: अख्खा हंगाम वापरल्यानंतर

मालवण-तारकर्लीच्या पाण्यात स्कुबा डायव्हिंग करताना बरेचदा पाच-सात मीटरपलीकडचं दिसत नाही, आणि वर पर्यटकांच्या होड्या, पॅरासेलिंगच्या स्पीडबोटी, मासेमारीची जाळी असं सगळं एकाच पट्ट्यात चालू असतं. पाण्याखाली आवाज कुठल्या दिशेने येतोय तेही कळत नाही, कारण पाण्यात तो हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने पोहोचतो. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला किंवा अंदमानात स्वराज द्वीपच्या (पूर्वीचं हॅवलॉक) बाहेरच्या साइट्सवर अडचण वेगळी: प्रवाह तुम्हाला होडीपासून लांब नेऊन सोडतो. दोन्हीकडे उपयोगी पडतं ते एकच साधन, खालूनच फुगवून वर सोडायची एसएमबी (सरफेस मार्कर बॉय), म्हणजे खाली डायव्हर आहे हे वरच्यांना दाखवणारी, दोरीला बांधलेली तरंगती नळी. तरीही बहुतेक जण मास्क, फिन्स, खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर घेतात आणि ही ‘डाइव्ह लीडरकडे असतेच’ म्हणून टाळतात. प्रवाहात बडीबरोबर (जोडीदार डायव्हरबरोबर) गटापासून तुटलात, तर लीडरकडची एसएमबी तुमच्या काय कामाची?

ज्याबद्दल लिहितोय तो संच असा: नायलॉनवर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप असलेली नारिंगी नळी, लांबी १.२ मीटर, सपाट पडलेली असताना रुंदी १५ सेंटिमीटर, बूड बंद, तोंडाने फुगवायचा व्हॉल्व्ह, दाब जास्त झाल्यास हवा सोडणारा व्हॉल्व्ह, टोकाला परावर्तक पट्टी. सोबत प्लास्टिकचा ३० मीटर दोरीचा स्पूल (दोरी गुंडाळायचं साधं रीळ) आणि स्टेनलेस स्टीलचा डबल-एंडर (दोन्ही टोकांना उघडणारा हुक).

आधी बुडाबद्दल, कारण खरेदीत सगळ्यात जास्त चूक इथे होते. उघड्या बुडाच्या नळीत रेग्युलेटरचे (तोंडात धरून टाकीतली हवा घ्यायच्या साधनाचे) बुडबुडे सोडून ती पटकन भरते, पण वर पोहोचल्यावर दोरी सैल पडली की आडवी होते आणि हवा निघून जाते. मग खाली तुम्ही सेफ्टी स्टॉप (वर येताना ५ मीटरवर घ्यायचा थांबा) करताय आणि वर कुणाला काहीच दिसत नाही. बंद बुडाच्या नळीत हवा आत जाते, बाहेर येत नाही. भरायला थोडा त्रास, पण पृष्ठभागावर तासभर तरंगत राहायची वेळ आली तर हीच कामाची.

आता हवेचा हिशोब. ही नळी पूर्ण भरली की साधारण ८ लिटरची होते. १२ मीटरवर दाब २.२ बार असतो, त्यामुळे तिथे साडेतीन लिटर हवा, म्हणजे एक खोल उच्छ्वास, भरला की वर जाईपर्यंत ती फुगून टणक होते. ५ मीटरवर दाब दीडच बार, तिथे सव्वापाच लिटर लागतात, म्हणजे दोनदा फुंकावं लागतं. शिवाय ५ मीटरवर एखादा मीटर वर सरकलात तरी बीसीडीतली (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जॅकेटातली) हवा झपाट्याने फुगते आणि स्टॉप हातचा जातो. म्हणून एसएमबी सोडायची ती १०-१२ मीटरवर, सेफ्टी स्टॉपला पोहोचल्यावर नाही.

सोडायची रीत. दोरीचा फासा नळीच्या कडीत होडीवरच ओवून ठेवा. खाली आल्यावर न्यूट्रल व्हा (ना वर ना खाली, एका खोलीवर स्थिर), बडीला खूण करा, वर बघा. नळी उलगडा, डबल-एंडर स्पूलमधून काढून स्वतःच्या डी-रिंगला (जॅकेटावरच्या कडीला) लावा. स्पूल मात्र स्वतःला कधीही अडकवायचा नाही. स्पूल अंगठा आणि तर्जनीत धरून हात लांब करा, म्हणजे दोरी ऑक्टोपस (जादा रेग्युलेटर) आणि गेजपासून दूर राहते. एक खोल श्वास घ्या, रेग्युलेटर काढून नळीत सोडा, रेग्युलेटर परत तोंडात. तो भरलेला श्वास छातीत अडवून ठेवलात की तुम्ही वर उचलले जाणारच, त्यामुळे घेणं आणि फुंकणं सलग व्हायला हवं. नळी सोडली की स्पूल बोटांवर फिरतो. अंगठ्याने अगदी हलका ब्रेक. फिरणं थांबलं की ढील गुंडाळा, डबल-एंडर स्पूलच्या भोकात आणि दोरीवर अडकवा.

त्यानंतर दोरी ताठ ठेवणं हे खरं काम. किंचित जड राहून खाली ओढ दिली तरच वरची नळी उभी राहते. मिनिटाला ९ मीटरपेक्षा कमी वेगाने, दोरी गुंडाळत वर या आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. दोरीवर ५ आणि १० मीटरला पक्क्या मार्करने खूण करून घेतली तर बरं, पण प्रवाहात दोरी तिरपी जाते, तेव्हा खोली कॉम्प्युटरवरच बघायची.

बिघडतं ते बहुतेक दोरीत. नवा स्पूल कारखान्यातून सैल गुंडाळलेला येतो. वरचे वेढे खालच्यात रुततात आणि ऐन वेळी फिरणं थांबतं. आधी सगळी दोरी काढून, भिजवून, ताणून पुन्हा गुंडाळा. एवढं केलं की हंगामभर अडत नाही. तरी अडलाच तर स्पूल सोडून द्या. पूर्ण भरलेली नळी पाण्याखाली ८ किलोच्या आसपास उचल देते, आणि तिच्याबरोबर वर खेचलं जाणं म्हणजे फुप्फुसाच्या इजेला आणि डीकम्प्रेशनच्या आजाराला थेट आमंत्रण. स्पूल गेला तर दुसरा मिळतो. न अडता हातातून निसटलेला स्पूल मात्र उलगडत खाली जातो, त्याच्या मागे बुडी मारू नका. वर आल्यावर दोरी हातानेच ओढून घ्या. कोकणात सुटलेली जाळी पाण्यात असतात म्हणून लाइन कटर जवळ असतोच, तो या दोरीसाठीही हाताशी येईल असा लावा.

रील घ्यावं का? मनोरंजनाच्या डायव्हिंगसाठी माझं उत्तर स्पष्टपणे ‘नको’ असं आहे. खटक्याचं रील गुंडाळायला सोपं, पण आतल्या आत गुंता होतो आणि पाण्याखाली तो सुटत नाही. स्पूलमध्ये बिघडण्यासारखा हलता भागच नाही.

हंगामानंतरची अवस्था: वेल्ड केलेले सांधे जसेच्या तसे. परावर्तक पट्टीची कडा सुटायला लागली आहे. रोज एकाच ठिकाणी घडी पडते तिथे लेप पांढुरका झाला, म्हणून आता घडी न घालता गुंडाळी करणं चांगलं, तीही दर वेळी वेगळ्या जागेपासून. गुंडाळण्यापूर्वी हवा पूर्ण काढा, नाहीतर खिशातून नळी आपोआप वर डोकावते. तोंडाच्या व्हॉल्व्हच्या रबरी ओठांत वाळूचा एक कण अडकला तरी हवा गळते. जास्तीची हवा सोडणारा व्हॉल्व्ह मिठाने घट्ट होतो, म्हणून प्रत्येक दिवसाअखेर तो ओढून गोड्या पाण्याखाली दोन-तीनदा उघडझाप करायची आणि आतही पाणी घालून खळबळायचं.

कमी पडली ती लांबी. दोरी ओढून धरल्यावर नळीचा काही भाग पाण्यातच राहतो, त्यामुळे मीटरभर लाटा असल्या की १.२ मीटरची नळी होडीवरून मध्येमध्ये दिसेनाशी होते. गोव्यातलं ग्रँड आयलंड किंवा मालवणच्या आडोशाच्या साइट्सना ती पुरते. अंदमान आणि नेत्राणीसाठी १.८ मीटरची घ्यावी. फुगवायला दीडपट हवा लागेल, तेवढं चालवून घ्यायचं. दोरी १५ मीटरची स्वस्त आणि आटोपशीर मिळते, पण १२ मीटरवरून तिरप्या प्रवाहात ती संपते आणि स्पूल हातातून ओढला जातो. ३०चीच घ्या.

डाइव्हपूर्वी होडीवाल्या तांडेलाला नळी दाखवून सांगून ठेवा: ही दिसली की खाली माणसं आहेत, इंजिन दूर ठेवायचं.

जूनमध्ये समुद्र बंद झाला की दोरी स्पूलवरून पूर्ण उतरवून सावलीत वाळवा. नळी आतून कोरडी होईपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवून टांगा. पावसाळ्याच्या दमट हवेत गुंडाळून ठेवलेल्या पीयूच्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना लेप निघतो, म्हणून आत थोडी हवा भरून ती कपाटात सैलच ठेवायची.