थाळी 140, टोमॅटो कितीही असो (नौपाडा, ठाणे)

सात वर्षं जेवतोय इथे, लिहायला आज बसलो कारण दुपारी ऑफिसात कोअर महागाईवरून (तात्पुरते चढउतार सोडून मोजलेली महागाई, ती कशी मोजावी यावरून) जोरदार वाद झाला आणि मला सारखी ह्या खानावळीतली रेटची पाटी आठवत होती.

आधी जेवण. तीन पोळ्या (चौथी मागितली तरी वेगळे पैसे नाहीत), उसळ, सुकी भाजी, आमटी, भात, कोशिंबीर. आमटीत आमसूल आणि गूळ अगदी बेताचा. बुधवारची काळ्या वाटाण्याची उसळ चुकवू नका. एक ते दोन लाइन असते, पंखा एकच धड चालतो.

आता रेट. जुलै 2023 ला जांभळी नाक्यावर टोमॅटो दीडशेला भिडला होता, देशाची किरकोळ महागाई त्या महिन्यात 7.44 टक्के आली, सगळीकडे बोंब, आणि इथे थाळी 120 च. खानावळवाल्या काकूंनी कोशिंबिरीत टोमॅटोच्या जागी काकडी नि मुळा घातला, विचारलं तर म्हणाल्या, "अरे टोमॅटो उतरेल दोन महिन्यांत, एकदा चढवलेला रेट मला उतरवता येतो का?" आणि उतरलाच की टोमॅटो. पण पुढच्या वर्षी गाळ्याचं भाडं वाढलं, पोळ्या लाटणाऱ्या ताईंचा पगार वाढला, तेव्हा मात्र पाटीवर कागद चिकटवून 140 केले ते आजतागायत. कागदाखालून जुना 2 अजून दिसतो.

कोअर म्हणजे हेच ना, आली-गेली वाढ बाजूला ठेवून मुरलेली वाढ किती ते बघायचं. आपल्याकडे त्यासाठी अन्न आणि इंधन सरसकट वगळतात, आणि किरकोळ महागाई मोजण्याच्या 2012 आधारवर्षाच्या मालिकेत बाहेरचं तयार जेवणही अन्नातच धरलेलं, म्हणजे काकूंची थाळी टोमॅटोबरोबर बाहेर! आणि सोनं, जे रोज उड्या मारतं, ते कोअरमध्ये. मला नाही पटत. खाण्यापिण्याचं वजन त्या मालिकेत जवळपास 46 टक्के होतं, एवढं सगळं कायमचं काढून टाकण्यापेक्षा दर महिन्याला ज्यांचे भाव सगळ्यात जास्त चढले नि सगळ्यात जास्त पडले तेवढेच छाटावेत आणि उरलेल्यांची सरासरी काढावी, ट्रिम्ड मीन म्हणतात ती, मग टोमॅटो भडकला की टोमॅटो जाईल, सोनं भडकलं की सोनं जाईल, थाळी राहील.

पाचपैकी पाच स्टार. पार्सलला डबा आपला न्यायचा, रविवारी बंद.